आधी तोंड शोधा, मग नाक काढा

तुम्ही लिहिलंय की लहान मुलांच्या पुस्तकासाठी लांब नाकाच्या बारा माशांची चित्रं काढायचं काम तुमच्याकडे आलंय, आणि गाडी दोन ठिकाणी अडलीय. एक म्हणजे माशाचं नाक कुठे संपतं आणि तोंड कुठे सुरू होतं हेच उमगत नाही. दुसरं, एकाच माशाचे दोन फोटो शेजारी ठेवले तर ते दोन निराळे मासे वाटतात. गॉब्लिन शार्कचा जबडा एका फोटोत लटकलेला, दुसऱ्यात पार गायब. आणि जाता जाता विचारलंय, समुद्रघोडा हसताना दाखवला तर चालेल का.

मी संग्रहालयासाठी माशांचे नमुने आणि सांगाडे तयार करत आले आहे, तीसेक वर्षं होतील. चित्रकार नाही, पण कुठलं हाड कुठे जातं हे ठरवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे तुमची अडचण नेमकी समजली. यात तुमच्या नजरेचा दोष नाही. घोळ ‘लांब नाक’ या शब्दातच आहे. आपण बाहेरून पाहतो आणि जे पुढे आलंय त्याला नाक म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात कुणाची कवटीच पुढे वाढलेली असते, कुणाचे दोन्ही जबडे, कुणाचा एकच, कुणाचं गाल आणि कपाळ ताणून नळी झालेली असते, तर कुणाची चक्क हनुवटी लांबलेली असते. दिसायला सगळे सारखे, आतून एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

म्हणून मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी एकच काम सांगते. कागदावर माशाची बाह्यरेषा काढू नका, आधी तीन ठिपके द्या: डोळा, नाकपुडी आणि तोंडाची फट. हे तीन ठिपके योग्य जागी पडले की काय लांबलंय ते आपोआप कळतं. माशाच्या नाकपुड्या श्वासासाठी नसतात. बहुतेक माशांत त्या घशाला जोडलेल्याही नसतात, फक्त वास घ्यायच्या छोट्या खोबणी असतात. त्यामुळे खरं नाक म्हणजे एवढीशी भोकं, बाकी पुढे आलेल्या भागाला ‘तुंड’ म्हणा.

ही युक्ती कशी चालते ते गार नावाचा मासा आणि सुईमासा यांच्यावर बघा. दोघेही लांबट, दोघांच्याही जबड्यांत टोकदार दातांच्या रांगा, आणि फोटोत भलतेच सारखे. गारच्या वरच्या जबड्याच्या अगदी शेंड्याला दोन भोकं दिसतील. म्हणजे डोळ्यापासून टोकापर्यंतचा सगळा भाग लांबला आणि नाकपुड्यांना आपल्यासोबत पुढे घेऊन गेला. सुईमाशाच्या नाकपुड्या मात्र डोळ्याच्या पुढ्यातच राहतात. त्याचा वरच्या जबड्याचा हाडाचा भाग नाकाला मागे टाकून पुढे वाढलाय. तुम्ही गारच्या नाकपुड्या डोळ्याजवळ काढल्यात तर दहा वर्षांच्या मुलाला ते कळणार नाही, हे खरं. पण माझ्यासारख्या कुणाच्या हाती पुस्तक पडलं की पहिली नजर तिथेच जाईल.

आता माझी एक फजिती सांगते, म्हणजे तुम्हाला धीर येईल. नवखी होते तेव्हा हाफबीकचा एक वाळवलेला नमुना माझ्याकडे दुरुस्तीला आला. खालचा जबडा सुईसारखा लांब, वरचा अगदी आखूड, त्रिकोणी. मला वाटलं, वरची चोच तुटलीय. मी दोन दिवस खपून प्लास्टरची वरची चोच बनवली, रंगवली, बेमालूम जोडली. आमच्या वरिष्ठांनी ती हातात घेतली, उलटसुलट फिरवली आणि शांतपणे म्हणाले, ‘‘छान झालाय. फक्त असा मासा जगात नाही.’’ हाफबीकची चोच मुळातच अर्धी असते, फक्त खालची. नावातच ते सांगितलंय, आणि मी ते नाव दोन दिवस डब्यावरच्या चिठ्ठीवर वाचत होते!

गंमत म्हणजे सुईमाशाची बहुतेक पिल्लं वाढताना याच अवस्थेतून जातात. आधी खालचा जबडा लांबतो, वरचा नंतर त्याला गाठतो. म्हणजे वाढत्या वयाचा सुईमासा काही काळ हाफबीकसारखाच दिसतो. तलवारमाशात उलटी गंमत: पिल्लाचे दोन्ही जबडे लांब आणि दात असलेले, मग मासा मोठा होतो तसा खालचा मागे पडतो, वरचा तलवार बनतो आणि दात नाहीसे होतात. तेव्हा ‘हा मासा कसा दिसतो’ याला माझं उत्तर नेहमी ‘किती वयाचा?’ असंच असतं. तुमच्या पुस्तकात पिल्लं दाखवायची असतील तर मोठ्या माशाचं चित्र लहान करून चालणार नाही. पॅडलफिशचं तुंड वल्ह्यासारखं चपटं, पण त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याला हे वल्हं नसतंच, ते नंतर फुटतं. करवतमाशाची पिल्लं करवतीसकट जन्मतात, पण ती करवत तेव्हा मऊ असते आणि दात आवरणाखाली झाकलेले असतात, नाहीतर आईची काही धडगत नव्हती.

तुमच्या यादीत करवतमासा आणि सॉशार्क दोन्ही आहेत आणि तुम्ही विचारलंय की एकच चित्र दोन रंगांत चालेल का. नाही चालणार. करवतमासा हा पाखटांच्या कुळातला, सॉशार्क हा शार्क. त्याला उलटा करा: कल्ल्यांच्या फटी पोटाकडे असतील तर करवतमासा, बाजूला असतील तर सॉशार्क. सॉशार्कच्या करवतीला मध्यावर दोन लोंबत्या मिशा असतात आणि दात लहानमोठे, आलटून पालटून. करवतमाशाला मिशा नाहीत आणि दात बऱ्यापैकी एकसारखे. ज्यांना आपण दात म्हणतो ते खरे दात नव्हेतच. शार्क-पाखटांच्या कातडीवर जे बारीक काटेरी खवले असतात त्यांचंच ते वाढलेलं रूप. खरे दात खाली, तोंडात असतात, आणि तोंड करवतीच्या मुळाशी, अंगाखाली. करवत ही कवटीच्या कूर्चेचा पुढे आलेला भाग आहे, जबड्याचा तिच्याशी काही संबंध नाही. म्हणून करवतमासा करवतीने ‘चावतोय’ असं चित्र काढू नका. तो ती आडवी फिरवतो, मासे त्या फटक्याने जखमी होतात, मग तो त्यांना तळाशी दाबून धरतो आणि तोंडाकडे आणतो.

आणखी एक. ती करवत नुसतं हत्यार नाही. तिच्या कातडीत बारीक छिद्रांची दाटी असते, त्यांत जेलीने भरलेल्या नळ्या असतात. इतर प्राण्यांच्या स्नायूंतून जी क्षीण वीज पाण्यात पसरते ती या नळ्यांना कळते. शार्कच्या तोंडावरची ही छिद्रं स्तेफानो लोरेंझिनी याने 1678 मध्ये वर्णन केली, पण ती कशासाठी हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. करवतमासा याच अवयवाने भक्ष्य हुडकतो आणि त्यानेच त्याला झोडपतो, हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. कोळ्यांच्या जाळ्यात तीच करवत अडकते आणि हे मासे जगभर संपत चालले आहेत. पाचही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. एखाद्याने ‘अस्सल करवत बघून चित्र काढा’ म्हणून विकायला आणली तर घेऊ नका, संग्रहालयातली बघा.

पॅडलफिशबद्दल बहुतेक पुस्तकांत जुनी कल्पना अजून टिकून आहे की तो वल्ह्याने चिखल उकरतो. वल्हं अंगाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं असतं, त्यामुळे कल्पना सुचणं साहजिक आहे. पण त्या वल्ह्यावर आणि डोक्यावर वीज ओळखणाऱ्या संवेदकांचं जाळं आहे, आणि मासा त्याच्या जोरावर पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव हेरतो. खातो तो तोंड आ वासून पोहत, गाळून. म्हणजे चित्रात फावडं दाखवायचं नाही, उघडं तोंड दाखवायचं, आणि तेही वल्ह्याच्या खाली. अमेरिकेतली ही एकच जात आता उरलीय. यांगत्से नदीतला चिनी पॅडलफिश शेवटचा दिसला 2003 मध्ये, आणि 2022 मध्ये तो नामशेष झाल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. तुमच्या यादीत ‘पॅडलफिश, चीन’ असं लिहिलंय, ते तेवढं बदला, किंवा ठेवायचंच असेल तर ‘होता’ म्हणा.

यादीतला एलेफंटनोज हा माझा लाडका, कारण तो भल्याभल्यांना चकवतो. त्याची ती सोंड तोंडाच्या वर नाही, खाली आहे. ती हनुवटी आहे. तोंडाची फट सोंडेच्या मुळाशी, वरच्या बाजूला. म्हणजे हत्तीच्या बरोबर उलट. हा मासा शेपटीजवळच्या अवयवातून क्षीण विजेचे झटके सोडतो आणि आसपासच्या वस्तूंमुळे त्या विजेत काय फरक पडला ते कातडीवरच्या संवेदकांनी ‘वाचतो’. हनुवटीवर त्यांची गर्दी असते, आणि आपण अंधारात बोटाने चाचपतो तशी तो ती तळाशी फिरवत राहतो. एवढं सगळं वाचायला मेंदूही तसाच लागतो. शरीर जेवढा प्राणवायू वापरतं त्यातला सुमारे 60 टक्के याचा मेंदूच खातो. माणसाचा मेंदू 20 टक्क्यांच्या आसपास अडतो. याच कुळातले काही भाऊबंद मात्र खरोखर तुंडाची नळी केलेले आहेत, तोंड नळीच्या टोकाला. एकाच घरात दोन तऱ्हा, त्यामुळे फोटोखालचं नाव तपासल्याशिवाय पेन्सिल उचलू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एकाच माशाचे दोन चेहरे. याचं उत्तर माझ्या धंद्यातलं आहे: मेलेला मासा खोटं बोलतो. आम्हीही त्याला कधीकधी मदत करतो.

गॉब्लिन शार्क खोल समुद्रात राहतो, जिवंत क्वचितच दिसतो. 1898 मध्ये जपानच्या नमुन्यावरून त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि जपानी भाषेत त्याला ‘तेंगूझामे’ म्हणतात. तेंगू म्हणजे तिथल्या लोककथांमधला लांब नाकाचा मायावी. पुढची बहुतेक चित्रं जाळ्यात येऊन मेलेल्या माशांवरून झाली. मेल्यावर त्याचे स्नायू आणि बंध सैल पडतात आणि जबडा पुढे लोंबतो, वर ते चपटं सुऱ्यासारखं तुंड. दोन्ही एकदम पाहून कुणालाही वाटेल की हा राक्षस असाच फिरतो. तसं नाही. पोहताना जबडा डोक्याखाली नीट बसलेला असतो आणि मासा एखाद्या साध्या, लांब नाकाच्या शार्कसारखा दिसतो. भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा गलोलीसारखा सुटतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रफितींच्या अभ्यासात त्याचा वेग सेकंदाला सुमारे 3.1 मीटर भरला, आणि जबडा अंगाच्या लांबीच्या जवळपास 9 टक्के पुढे जातो असं दिसलं. तीन मीटरचा मासा धरला तर हे वीतभराहून जास्त झालं. तेव्हा तुमचे दोन्ही फोटो खरे आहेत, फक्त एक क्षणभराचा आहे, किंवा मेल्यानंतरचा. रंगाचंही तसंच. जिवंतपणी तो गुलाबी दिसतो, कारण पारदर्शक कातडीतून रक्तवाहिन्या दिसतात. आमच्या बाटलीत आला की राखाडी होतो. बाटलीतला रंग कधीही नक्कल करू नका.

याहून मोठी फसगत बॅरलआयची. लांब तुंडाचा नाही तो, पण विचित्र डोक्यांच्या पानावर तुम्ही घेतलाय म्हणून सांगते. 1939 मध्ये त्याचं वर्णन झालं आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षं त्याच्या चित्रांत डोक्यावरचा काचेसारखा घुमट नव्हता, कारण जाळ्यातून वर येईपर्यंत तो फाटून जायचा. खोल पाण्यात कॅमेरे गेले तेव्हा कुठे 2008 च्या शोधनिबंधात तो नीट समोर आला. डोक्याच्या आत हिरवट, नळकांड्यासारखे डोळे, वर पाहणारे, आणि गरज पडली की पुढे वळणारे. तोंडाच्या वर जे दोन काळे ठिपके डोळ्यांसारखे दिसतात त्या नाकपुड्या आहेत. तीन ठिपक्यांची माझी युक्ती इथे सोन्यासारखी कामाला येते. बहुतेक मुलं त्या नाकपुड्यांनाच डोळे समजून पापण्या काढतात.

हॅमरहेडवर फार वेळ घालवत नाही. त्याचं डोकं पुढे नाही, आडवं वाढलंय. डोळे दोन्ही टोकांना, नाकपुड्याही टोकांजवळ पुढच्या कडेला, तोंड मध्यभागी खाली. तुमच्या कच्च्या चित्राच्या वर्णनात नाकपुड्या मध्ये आल्यात, त्या सरकवा.

तलवारमासा आणि मार्लिन यांच्या बाबतीत कापून पाहिल्यासारखा विचार करा. चोच आडवी कापली तर तलवारमाशाची चपटी निघेल, मार्लिनची आणि सेलफिशची गोलसर. तलवारमासा मोठा झाला की त्याला खवलेही उरत नाहीत. सेलफिश माशांच्या थव्यात चोच हळूच घालतो आणि बारीक फटके मारतो, भोसकत बसत नाही. बाकी तलवारमासा चुकून कशालाही भिडतो, हे मात्र खरं. 1967 मध्ये ॲल्विन ही संशोधन पाणबुडी सुमारे 600 मीटर खोल असताना एक तलवारमासा तिच्यावर आदळला, चोच सांध्यात रुतून बसली, आणि पाणबुडीला त्याला घेऊन वर यावं लागलं. चोचीच्या मुळाशी तेल सोडणारी ग्रंथी असते आणि ते तेल डोक्याच्या कातडीवर पसरतं हे 2016 मध्ये कळलं. त्यामुळे पाण्याचा अडथळा कमी होत असावा असा संशोधकांचा कयास आहे.

मापांबद्दल एक सूचना, कारण पानावर तुम्ही प्रत्येक माशाशेजारी लांबी लिहिणार आहात. चोचवाल्या माशांची लांबी कुठून मोजली हे विचारल्याशिवाय आकडा उचलू नका. मार्लिन-तलवारमासे बहुतेक वेळा खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजतात, कारण वरची चोच तुटलेली असू शकते. हाफबीक वरच्या जबड्यापासून मोजतात, कारण तिथे खालची चोच तुटते. करवतमाशाच्या आकड्यात करवत धरलेली असते. हे तिन्ही आकडे एका पट्टीवर ठेवलेत तर चित्रांची प्रमाणं बिघडतील.

राहता राहिला समुद्रघोडा, आणि त्याचं हसू.

नळीमासा म्हणा, समुद्रघोडा म्हणा, यांचं तुंड आतून कसं असतं ते पाहण्यासाठी आम्ही नमुना पारदर्शक करतो. बोटाएवढा नळीमासा घ्यायचा, निळ्या रंगद्रव्यात ठेवायचा म्हणजे कूर्चा निळी होते, मग पाचक रसासारख्या द्रावणात मांस हळूहळू विरघळू द्यायचं, नंतर लाल रंग, तो हाडं धरतात, आणि शेवटी ग्लिसरीन. काही आठवड्यांनी बाटली दिव्यासमोर धरली की मासा नाहीसा झालेला असतो, त्याचा नुसता लाल-निळा सांगाडा तरंगताना दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी जबडे शोधत बसले होते. लांबच लांब लाल नळी, आणि तिच्या टोकाला तिळाएवढे दोन कण. ते जबडे. नळी म्हणजे कवटीचा पुढचा भाग आणि गालाची हाडं, ताणून केलेली. जबड्यांत एकही दात नाही.

तो खातो कसा तेही याच रचनेतून कळतं. मानेमागच्या स्नायूंचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, धनुष्याच्या दोरीसारखे ताणून ठेवायचे आणि एकदम सोडायचे. डोकं झटक्यात वर वळतं, टोक भक्ष्याजवळ पोचतं आणि नळीतून पाणी आत ओढलं जातं. सगळं मिळून काही सहस्रांश सेकंद, पापणी लवायच्या कितीतरी आधी. नळी लांब असली की डोकं थोडंसं वळलं तरी टोक बरंच अंतर कापतं. आखूड तुंडाच्या माशाला त्यासाठी अख्खं अंग हलवावं लागलं असतं. बुटक्या समुद्रघोड्याच्या डोक्याचा आकार असा आहे की टोकापुढचं पाणी जवळजवळ हलत नाही, आणि संथ पाण्यात त्याचे दहापैकी नऊ झडपे यशस्वी होतात असं 2013 च्या एका अभ्यासात दिसलं. ज्यांच्यावर तो झडप घालतो ते कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले कोळंबीच्या गोतावळ्यातले बारीक जीव, पाण्याची जराशी हालचाल झाली तरी उडी मारून पळणारे, हे लक्षात घेतलं तर त्या डोक्याची किंमत कळते.

आता हसू. हसायला गालापर्यंत जाणारी तोंडाची फट लागते. समुद्रघोड्याचा गाल डोळ्याखाली आणि तोंड पार नळीच्या टोकाला, मध्ये अर्धं डोकं. व्यंगचित्रांत नळीच्या खालच्या बाजूने ओढलेली ती लांब स्मितरेषा पडते ती बंद हाडावर. मुलांचं पुस्तक आहे, आनंदी दाखवायचाच असेल तर डोळ्यांतून दाखवा. ते तसेही एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात, एक इकडे एक तिकडे पाहत असला की तो आपोआप मिस्कील दिसतो. तोंडासाठी नळीच्या टोकाला एक बारीक, किंचित वर चढणारी रेघ द्या. नखाएवढीही नको.